तेवीस नंबरचे दोन चिमटे

वुरिंडाच्या फुटबॉल क्लबच्या जर्सी लॉरेन नॉस्के धुवायची. रविवारी सकाळी तिच्या मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत ताणलेल्या तारेवर त्या ओळीनं वाळत असायच्या. विटकरी रंग, गळ्याशी पिवळा पट्टा, पाठीवर नंबर. एक, दोन, तीन करत शेवटपर्यंत. फक्त बावीस आणि चोवीस यांच्यामध्ये एक जागा मोकळी असायची. नुसती मोकळी नाही बरं का. तिथं एका जर्सीच्या रुंदीइतक्या अंतरावर दोन लाकडी चिमटे लावलेले असायचे. ऊनवाऱ्यानं ते करडे पडले, त्यांच्या तारा गंजल्या, पण लॉरेननं ते वीस वर्षं काढले नाहीत. सोमवारी सकाळी टोपली घेऊन जर्सी न्यायला येणाऱ्या क्लेम पेटिफरला ते दिसायचेच. दिसावेत म्हणूनच तर लावले होते!

त्या जागेची जर्सी लॉरेनच्या मुलीकडं होती. रोवेनाकडं. आता रोवेना नॉस्के म्हटलं की लोक टीव्हीवरची फॉरवर्ड सांगतात, पोर्ट हार्लनच्या व्यावसायिक संघाची, गुडघ्याला पट्टा बांधून खेळणारी. आमच्या वुरिंडात मात्र ती कायम 'जर्सी न देणारी'.

रोवेनाचा बाप ती लहान असतानाच क्वीन्सलँडच्या खाणींकडं गेला, तो गेलाच. मागं ठेवला एक कातडी लंबगोल चेंडू. पोरगी तो घेऊन दिवसभर धान्याच्या कोठारांच्या भिंतीवर मारत बसायची. लॉरेन हॉटेलच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला जायची, तिथपर्यंत तो धप्प धप्प आवाज ऐकू यायचा. आवाज थांबला की मगच तिला काळजी वाटायची.

मग ती मुलांच्या संघात खेळायला लागली. वुरिंडात मुलांसाठी वेगळ्या जर्सी नव्हत्याच. क्लबकडं एकच संच. सकाळी पोरं घालून मळवायची, आणि त्याच ओल्या गार जर्सी दुपारी दुसऱ्या फळीचे बाप्ये शिव्या देत अंगात चढवायचे. क्लेम पेटिफर तेव्हा क्लबचा सचिव. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात लाकडी खोकं घेऊन उभा राहायचा आणि वरची असेल ती जर्सी हातात द्यायचा. रोवेनाच्या हातात आली तेवीस. तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबायची ती, अगदी झग्यासारखी. पोरं हसली. रोवेनानं खालचं टोक चड्डीत खोचलं आणि पहिल्याच सामन्यात त्या हसणाऱ्यांच्या डोक्यावरून झेल घेतले.

आमचा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन, हातापायांनी दोन्ही खेळायचा, आणि त्यात झेलाला फार मोल. लांबून आलेली किक हवेतल्या हवेत झेललीत की पंच शिटी मारतो, सगळे थांबतात, आणि तुम्हाला निवांत मागं जाऊन किक मारायला मिळते. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाकडं घसरला तर एकच. गोल झाला रे झाला की वुरिंडाच्या मैदानाभोवती कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या साऱ्या गाड्या हॉर्न वाजवतात. टाळ्या बिळ्या शहरात. आमच्याकडं हॉर्न. त्यात लॉरेनच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा हॉर्न सगळ्यांत कर्कश. शेवटी थोडा खोकायचा. आपल्या पोरीनं गोल मारला की ती असा काही हात दाबून धरायची की एकदा बॅटरीच उतरली, आणि हरलेल्या संघाला गाडी ढकलून द्यावी लागली. रोवेना त्या गर्दीतून आईचा हॉर्न बरोबर ओळखायची. तो ऐकल्याशिवाय ती जागेवर परतायचीच नाही.

आणि मग ती चौदा वर्षांची झाली.

हंगामाचा शेवटचा सामना होता. पोरीनं एवढे गोल ठोकले होते की समोरच्या संघाचा प्रशिक्षक टोपी फेकून निघून गेला. पोरं बाहेर आली, जर्सी काढून खोक्यात टाकायला लागली. रोवेनाची पाळी आली तसा क्लेम खाली बघत म्हणाला, "जर्सी. आणि हे बघ, पुढच्या वर्षी तू यायचं नाहीस. चौदा पूर्ण झाली की मुलीनं मुलांत खेळायचं नाही."

"का?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"लीगचा."

"मग लीगला सांगा जर्सी न्यायला, मिस्टर पेटिफर," असं म्हणून ती चालायला लागली. तशीच, चिखलासकट, तेवीस नंबर पाठीवर घेऊन.

क्लेम मागोमाग लॉरेनच्या गाडीपाशी आला. वाकून म्हणाला, "लॉरेन, पोरीला जरा समजव. जर्सी क्लबची आहे. तिच्या बापाची नाही."

"तिच्या बापाचं इथं काहीच नाही, ते मला माहीत आहे," लॉरेन म्हणाली. "आता माझं ऐक. माझी पोर आत असली की मी हॉर्न वाजवते. तिला तू बाहेर काढलंस. आता ती या मैदानात परत उतरेपर्यंत हा हॉर्न वाजणार नाही. कुणाच्याही गोलाला नाही. तुझ्या पोराच्या तर नाहीच नाही."

"आणि धुणं?" क्लेमनं घाबरत विचारलं. कारण सगळ्या जर्सी धुवायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"धुणं सोडत नाही. सोडलं तर मोकळी जागा तुला दाखवणार कोण?"

शेजारच्या सीटवर रोवेना दातओठ खात बसली होती. रडली नाही. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलली. "आई, हीच घालून मी इथंच खेळणार. मग देईन परत. त्याच्याआधी मेले तरी नाही."

लॉरेननं मान डोलावली आणि गिअर टाकला.

पोर हट्टी म्हणा, उर्मट म्हणा. गावाचं दोन्ही म्हणून झालं. मुलींसाठी नेटबॉल होता, हातानं चेंडू कडीत टाकायचा खेळ, मैदानाच्या कडेला, डांबरी चौकोनात, छोटा घागरा घालून. रोवेना एक दिवस गेली. चेंडू हातात आल्यावर तिनं तो सवयीनं किक मारून थेट पंचाच्या चहात पाडला. परत तिला कोणी बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही. पुढं ती गव्हाचा ट्रक चालवायला लागली. सुगीच्या दिवसांत कोठारापाशी वजनाला रांग लागली की खाली उतरायची आणि दोन कोठारांमधल्या फटीतून चेंडू मारत बसायची. ड्रायव्हर मंडळी टोमणे मारायची, "काय गं रो, लीगचं पत्र आलं का?" "येईल की," ती म्हणायची, "तुला वाचता येत नाही म्हणून तुझ्याकडं आलं नाही."

क्लबच्या वार्षिक सभेत क्लेम दरवर्षी उठून सांगायचा, जर्सी एक कमी, नंबर तेवीस, नॉस्केबाईंच्या मुलीकडं. सभा दरवर्षी हसायची. नवा संच मागवायची वेळ आली तेव्हा कुणी तरी म्हणालं, तेवीसपण घेऊन टाक बाबा, मिटव एकदाचं. क्लेम म्हणाला, "आपल्याकडं तेवीस आहे. हरवलेली नाही, बाहेर गेलेली आहे. एक असताना दुसरी कशाला?" कंजूष मेला, असं सगळ्यांनी म्हटलं. पुढं लोकरीच्या जाऊन चकचकीत पातळ जर्सी आल्या, संचावर संच बदलले, पण तेवीस काही आली नाही. वुरिंडाच्या पोरांना वाटायचं आकडे असेच असतात, बावीसनंतर चोवीस.

रोवेना सत्तावीसची झाली आणि बायकांची व्यावसायिक लीग निघाली. तोवर ती दर आठवड्याला तीन तास गाडी हाणून मोठ्या गावात बायकांच्या हौशी संघात खेळत होती. चिखलात, भाड्याच्या मैदानावर, बघायला एक कुत्रं. पोर्ट हार्लनची प्रशिक्षक जसिंटा ऑर तिथं आली, कुंपणावर कोपर टेकून उभी राहिली. सामना संपल्यावर तिनं विचारलं, "तू इतकी वर्षं होतीस कुठं?"

"कुंपणाच्या बाहेर," रोवेना म्हणाली. "तुम्हीच दार उघडत नव्हता."

व्यावसायिक म्हटलं तरी डामडौल काही नव्हता. सकाळी टायरच्या दुकानात काम, संध्याकाळी सराव, आणि शनिवारी हजारो लोकांसमोर सामना. पण खेळायला मिळत होतं! रोवेनानं हावऱ्यासारखी भूक भागवली. पहिल्याच हंगामात तिची मांड अशी बसली की समोरच्या बचावपटू तिच्या जर्सीला लोंबकळायच्या, चिमटे काढायच्या, कानात घाण बोलायच्या, आणि ही त्यांच्या खांद्यावर गुडघा रोवून वर उडायची. टीव्हीवर एक माजी खेळाडू बसायचा, पोट सुटलेला. तो म्हणाला, बायका चपळ आहेत, मान्य, पण पन्नास मीटरवरून गोल मारायचा दम बायकांच्या पायात नाही. पुढच्या शनिवारी रोवेनानं पन्नासच्या रेषेच्या बाहेर झेल घेतला. कर्णधार जीव तोडून ओरडत होती, इकडं दे, जवळ दे! हिनं ऐकलंच नाही. सावकाश मागं गेली, मोजे वर ओढले, आणि मारला. चेंडू खांबांच्या मधून जाऊन मागच्या रांगेत एका बाईच्या चिप्समध्ये पडला. सामन्यानंतर मुलाखतवाल्यानं माईक पुढं केला तशी ती म्हणाली, "त्या पोटवाल्यांना सांगा, टेप घेऊन या नि मोजून घ्या."

त्या सामन्याला लॉरेन आली होती. आयुष्यात पहिल्यांदा शहरात, चर्चला घालायचा कोट घालून. लोक उठून नाचत होते, आणि ती बाई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. बाहेर आल्यावर रोवेनानं विचारलं, "आई, टाळी तरी वाजवायचीस गं."

"टाळी मला येत नाही. गाडी पार्किंगमध्ये होती."

"म्हणजे?"

"म्हणजे छान खेळलीस. पण हे माझं मैदान नाही, आणि अंगात ती जर्सी नव्हती. मी क्लेमला जे सांगितलं ते सांगितलं."

रोवेना तेव्हा हसली. खोलीवर आल्यावर मात्र बॅगेच्या तळातून ती लोकरीची तेवीस काढून बराच वेळ बसली. हजारो लोकांनी नाव घेऊन आरोळ्या ठोकल्या होत्या, त्या कानात राहिल्याच नाहीत. कान त्या खोकणाऱ्या हॉर्नसाठी आसुसले होते. फार राग आला तिला, स्वतःचा आणि आईचाही. जर्सी तिनं परत तळाशी घातली, आणि जिथं जिथं खेळायला गेली तिथं तिथं बरोबर नेली.

गुडघा दुसऱ्या हंगामात गेला. झेल घेऊन खाली येताना पाय वळला आणि आत काहीतरी दोरीसारखं तटकन तुटलं. वर्षभर बाहेर. परत आली, जोमानं खेळली, आणि परत तोच गुडघा. डॉक्टर म्हणाले, बस झालं आता. ती म्हणाली, "गुडघा माझा आहे. थांबायचं तेव्हा तो आणि मी बसून ठरवू." तिसऱ्यांदा परत आली. पण आता ती उडत नव्हती, डोकं वापरत होती. चेंडू कुठं पडणार हे आधीच ओळखून तिथं जाऊन उभी राहायची, आणि पंचवीस वर्षांच्या पोरी तिच्या भोवती उड्या मारत राहायच्या.

चौतिसाव्या वर्षी जसिंटानं तिला खोलीत बोलावलं. चहा पुढं केला. रोवेनाला तिथंच कळलं, कारण जसिंटा कधी कुणाला चहा देत नसे.

"रो, पुढच्या वर्षाचा करार नाही. मुलींना शिकवायला थांब. जागा आहे."

"जाते," रोवेना म्हणाली. "माझं एक काम राहिलंय."

"खेळू नकोस हां कुठं गावात बिवात. तो गुडघा एक सामना टिकेल, फार तर."

"एकच पुरे आहे."

आमच्या जिल्ह्याच्या लीगनं तोवर नवा फतवा काढला होता, प्रत्येक गावाच्या क्लबनं बायकांचा संघ उभा करायलाच हवा. क्लेम पेटिफर आता अध्यक्ष झाला होता, कंबरेत वाकला होता, पण नियम म्हटला की अजून ताठ. कालपर्यंत बायकांना बाहेर ठेवणारा नियम होता तर तो पाळला, आज आत घेणारा आला तर तोही पाळायला घेतला. दुकानादुकानात फिरून पोरी गोळा केल्या. शाळेची शिक्षिका, लोकर कातरणाऱ्या दोघी, पोस्टातली.

रोवेना घरी आली त्याच आठवड्यात क्लबात गेली. क्लेम चहाचं मोठं भांडं घासत होता.

"क्लेम, मला खेळायचंय."

लहानपणी ती त्याला मिस्टर पेटिफर म्हणायची. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "सराव मंगळवारी नि गुरुवारी. शनिवारी बेरिमलविरुद्ध सामना. जर्सी क्लब देईल. अकरा नंबर मोकळा आहे."

"मला तेवीस हवी."

"तेवीस क्लबकडं नाही. कुणाकडं आहे ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"मी घालूनच येईन."

"चोरीचा माल अंगावर घालून?" क्लेम कडाडला. "क्लबच्या मैदानात? माझ्यासमोर?"

"हो. नाकावर टिच्चून! आणि सामना झाला की परत करीन. शब्द देते. नाही तर ये आणि अंगावरून काढून घे."

क्लेमनं भांडं खळकन पालथं घातलं आणि मागं निघून गेला.

शनिवारी उत्तरेचा वारा सुटला होता. कोरडा, गरम, धुळीनं भरलेला. अख्खं गाव आलं होतं, सॉसेजच्या शेगडीपाशी रांग लागली होती. आणि ऐन वेळी क्लबचा भोंगा बंद पडला. वायर उंदरांनी खाल्ली होती. आमच्याकडं हे नवीन नाही. क्लेम कर्ण्यावरून ओरडला, "ऐका! भोंगा बंद आहे. वेळ संपली की मी माझ्या पिकअपचा हॉर्न वाजवीन. तोच भोंगा. तेव्हा आज गोलाला कोणीही हॉर्न वाजवायचा नाही. टाळ्या वाजवा!"

"टाळ्या!" कोणीतरी ओरडलं. "आम्ही काय ऑपेरा बघायला आलोय?"

पण गोष्ट सगळ्यांना पटली. कुंपणाशी पांढऱ्या गाडीत लॉरेन बसली होती, आता कंबरेच्या दुखण्यानं फारशी खाली उतरत नसे. हात तिचे चाकावर होते.

रोवेना खोलीतून बाहेर आली. अंगात जुनी लोकरीची तेवीस. तेव्हा गुडघ्यापर्यंत लोंबायची, आता बेतानं बसली होती, खांद्यात तर जरा घट्टच. बाकीच्या पोरी पातळ चकचकीत जर्सीत, आणि ही त्यांच्यात घोंगडी पांघरल्यासारखी. पंच परगावचा, तरुण. त्यानं बोट केलं. "ही जर्सी वेगळी दिसते. चालायची नाही."

क्लेम कुंपणापलीकडं उभा होता. रोवेनानं त्याच्याकडं रोखून बघितलं. आता हा बोलणार, आता हा वीस वर्षांचा हिशेब चुकता करणार, असं तिला वाटलं आणि तिच्या मुठी वळल्या.

"क्लबची मालमत्ता आहे ती," क्लेम पंचाला म्हणाला. "अध्यक्ष मी आहे. रंग तोच आहे. तू शिटी वाजव."

सामना काय सांगू! शिक्षिका चेंडू हातात आला की घाबरून कुणालाही देऊन टाकायची, अगदी बेरिमलच्या बाईलासुद्धा. पोस्टातली मात्र वाघीण निघाली. रोवेनाला पळता येत नव्हतं. ती गोलापुढं उभी राहून बोटानं दाखवायची, तू तिकडं जा, तू इथं ये, घाबरतेस काय गं, चेंडू चावतो का! गुडघ्याचा पट्टा तिनं दोनदा आवळला. बेरिमलची बचावपटू अठरा वर्षांची होती, घोड्यासारखी. ती म्हणाली, "काकू, घरी जाऊन विणकाम करा." रोवेना म्हणाली, "केलंय. अंगात घातलंय ते."

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा बेरिमल पुढं होतं. मग हळूहळू वुरिंडानं गाठत आणलं. अंतर आठ गुणांवर आलं, आणि खेळ अजून बाकी होता. पोस्टातलीनं मधून एक उंच किक मारली. वाऱ्यानं चेंडू तिरका मागं ढकलला. सगळ्या पुढं पळाल्या, आणि रोवेना एकटी दोन पावलं मागं सरकली, कारण उत्तरेचा वारा या मैदानावर चेंडूचं काय करतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण मागून ती घोडी उडी मारून आली. आता उडायलाच हवं होतं. रोवेना उडाली. त्याच गुडघ्यावर, सगळा जीव एकवटून. चेंडू बोटांत बसला, ती धुळीत आपटली, पण सोडला नाही. शिटी वाजली.

ती उठली. पाय टेकवत नव्हता. लंगडत मागं गेली, मोजे वर ओढले. वाऱ्याला झुकतं माप देऊन तिनं चेंडू डावीकडच्या बुटक्या खांबाच्याही बाहेर मारला. बेरिमलवाले हसायला लागले. चेंडू वळत वळत आला आणि दोन उंच खांबांच्या बरोबर मधून गेला.

टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्या चिरून हॉर्न वाजला.

कर्कश, लांबलचक, थांबायचं नावच नाही, आणि शेवटी खोकणारा. कोणाची छाती होती? सगळ्यांच्या माना वळल्या. पांढऱ्या गाडीत लॉरेन दोन्ही हातांनी चाक दाबून बसली होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

परगावच्या पंचाला काय ठाऊक कोणता हॉर्न कुणाचा? त्याला सांगितलेलं, हॉर्न म्हणजे भोंगा. त्यानं दोन्ही हात वर केले, शिटी फुंकली. सामना संपला. वुरिंडा दोन गुणांनी हरलं.

मग जो कल्ला झाला! बेरिमलच्या पोरी नाचायला लागल्या. आमची पोस्टातली पंचाच्या अंगावर धावून गेली. "अरे, तो भोंगा नव्हता! नॉस्केबाईचा हॉर्न होता तो! क्लेमला विचार!" पंच गोंधळला. धावत क्लेमकडं गेला. क्लेमच्या हातात घड्याळ होतं. वेळ होता अजून, गोल मारून जिंकता आलं असतं इतका. जन्मभर नियमाचा माणूस. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

क्लेमनं घड्याळाकडं बघितलं. पांढऱ्या गाडीकडं बघितलं. हॉर्न अजून खोकत होता.

"हॉर्न वाजला म्हणजे वाजला," तो म्हणाला आणि घड्याळ खिशात घातलं.

रोवेना लंगडत कुंपणापाशी आली. "आई! अगं वेळ होता अजून! हरलो ना आपण!"

"हरा," लॉरेन म्हणाली. "मी वीस वर्षं हात आवरून बसले होते. आता क्लेमच्या भोंग्यासाठी थांबू? जमणार नाही. परत गोल मारलास तर परत वाजवीन."

रोवेना तोंड उघडून काही बोलणार होती. पण तिला हसूच फुटलं. कुंपणावर डोकं टेकून ती हसली, आणि मग रडली, चौदाव्या वर्षी राहिलेलं सगळं.

रविवारी जर्सी धुतल्या. रोवेनाचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता, ती स्वयंपाकघराच्या पायरीवर पाय लांब करून बसली. लॉरेननं ओळीनं नंबर वाळत घातले. बावीस झाली. मग लोकरीची तेवीस तिनं झटकली आणि त्याच दोन करड्या चिमट्यांना लावली. एक चिमटा हातात मोडला. तिनं त्याचे दोन तुकडे परत दाबून बसवले आणि चोवीसकडं वळली.

सोमवारी सकाळी क्लेम टोपली घेऊन आला. वारा शनिवारपासून थांबलेला नव्हता. असल्या वाऱ्यात चादर घातलीत तर चहा पिऊन होईतो कडक होते. त्यानं एकेक जर्सी काढायला सुरुवात केली. रोवेना पायरीवरून म्हणाली, "शब्द दिला होता, क्लेम. ती बघ, लावलीय. घेऊन जा."

क्लेम बावीसपर्यंत आला. बावीस टोपलीत टाकली. तेवीसला दोन बोटांनी हात लावला. वाळून ती पापडासारखी कडक झाली होती, वाऱ्यावर फडफडत होती. त्यानं हात काढला, एक पाऊल पुढं सरकला, आणि चोवीस काढली.

"अरे, ही राहिली," लॉरेन म्हणाली.

"ओली आहे अजून."

"ओली? या वाऱ्यात? क्लेम, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अध्यक्ष मी आहे," क्लेम टोपली उचलत म्हणाला. "मी म्हणतो ना, ओली आहे."